वस्तीतली भीती आणि तब्येत: सांगलीत मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, विश्रामबागच्या बाजूला बसते. गुडघा, कंबर, फ्रोझन शोल्डर, पॅरालिसिसनंतरचा व्यायाम हे रोजचं काम. "रोज अर्धा तास चाला" हे मी दिवसभर सांगत असते आणि पंधरा दिवसांनी विचारलं की निम्मे पेशंट म्हणतात, नाही जमलं मॅडम. जरा खोदून विचारलं की गुडघा बाजूलाच राहतो आणि भलतंच बाहेर येतं: मागच्या गल्लीत चेन ओढली, कोपऱ्यावर पोरं पीत बसतात, खांबावरचा लाइट महिनाभर बंद आहे, कुत्री अंगावर येतात. म्हणून हे प्रश्न एकदा नीट लिहून काढले. क्रम काही नाही, जसे आठवले तसे.

चोऱ्यामाऱ्या हा पोलिसांचा विषय. त्याचा माझ्या बीपी-शुगरशी काय संबंध?

खूप संबंध आहे आणि तो एकाच बाजूनं नाही. मार लागला, पडलो, हाड मोडलं हे तर सगळ्यांना दिसतं, पण ते थोड्यांच्याच वाट्याला येतं. न दिसणारं जास्त आहे. एक म्हणजे सततची धास्ती, ती शरीराला आतून राबवते, आणि दुसरं म्हणजे त्या धास्तीपायी माणूस जे जे बंद करतो ते. चालणं बंद, संध्याकाळी देवळात जाणं बंद, मैत्रिणीकडं जाणं बंद. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा अभ्यास आहे, व्हाइटहॉल नावाचा. त्यातून २००७ साली एक निष्कर्ष आला की ज्यांना गुन्ह्याची भीती जास्त वाटत होती त्यांच्यात डिप्रेशनचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, आणि जिना चढणं, चालणं, सामान उचलणं असल्या रोजच्या शारीरिक कामातही ते मागं होते. ते व्यायाम कमी करत होते आणि मित्रांना कमी भेटत होते, कारणाचा काही भाग तिथंच सापडतो.

आता हे आपल्याकडं लावून बघा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात १० कोटींवर लोकांना डायबिटीस निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांनी २०२४ मध्ये आकडे काढले त्यात भारतातल्या साधारण ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. बायका आणि पुरुषांतला हा एवढा फरक आळसातून आला असं मला कुणी सांगू नये, घरात आळशी कोण असतंय ते सगळ्यांना माहितीये.

भीतीनं शरीरात नेमकं होतं तरी काय?

मागून बाइकचा आवाज आला आणि ती स्लो झाली असं वाटलं की मेंदू विचार करत बसत नाही, शरीराला अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावतो. ठोके वाढतात, बीपी चढतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओतते, कारण पळायला इंधन पाहिजे. पाठोपाठ कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन येतं. बाइक पुढं निघून गेली की हे सगळं खाली यायला पाहिजे आणि एरवी येतंही. पण रोज जाताना धास्ती, येताना धास्ती, रात्री कडी दोनदा तपासायची, गेट वाजलं की उठून बसायचं, असं महिनोनमहिने चाललं की मग ते पुरतं खाली येतच नाही. कॉर्टिसोल सतत चढं राहिलं की पोटावर चरबी साठते, शुगर कंट्रोलला येत नाही, जखमा आणि इन्फेक्शन लवकर बरे होत नाहीत.

झोपेचं वेगळं सांगते. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के खाली उतरतं, हृदयाला तेवढीच विश्रांती. ज्यांचं रात्री उतरत नाही त्यांना पुढं हार्टचा आणि स्ट्रोकचा धोका जास्त असतो. रात्रभर कान टवकारून झोपणाऱ्या माणसाचं हे गणित बिघडतं, आणि सकाळी गोळी वेळेवर घेऊनसुद्धा बीपी १५० का येतंय म्हणून तो गोळीलाच नावं ठेवतो.

माझ्या टेबलवर दिसतं ते आणखी वेगळं. खांदे कानापर्यंत चढलेले, मानेच्या दोन्ही बाजूचे स्नायू लाकडासारखे, दात रात्री इतके घट्ट आवळलेले की सकाळी जबडा दुखतो. एक काकू आल्या होत्या मानेसाठी, एक्स-रेत वयाच्या मानानं काही विशेष नव्हतं. चालून दाखवा म्हटलं तर उजवा हात पदरावरून गळ्यापाशी धरून चालायला लागल्या, माझ्या खोलीत, दार बंद असताना. त्यांच्या लक्षातही नव्हतं. मंगळसूत्र सांभाळायची सवय लागली होती, आणि सहा-आठ महिने तसा हात वर धरून चाललं की मान आणि खांदा दुखणारच की.

माझ्याबरोबर तर काहीच झालेलं नाही, शेजारणीचं गंठण गेलं. मग मलाच का झोप येत नाही?

कारण रस्ता तोच आहे, वेळ तीच आहे आणि गंठण तुमच्याही गळ्यात आहे. भीती वाटायला स्वतःच लुटलं जायला लागतं असं काही नाही. शिवाय जिचं गेलं तिच्याकडं लोक येऊन बसतात, धीर देतात, पोलीस येऊन जातात, तुमच्याकडं कोण येणार? त्यामुळं "तुला काय झालंय" हेच ऐकायला मिळतं. साधारण दोन-चार आठवड्यांत हे आपोआप निवळतं. नाही निवळलं तर पुढं लिहिलंय ते वाचा.

पण खरं सांगा, सांगली एवढी असुरक्षित झालीये का?

माझं मत विचाराल तर जेवढं मोबाइलवर दिसतं तेवढी नाही, आणि "आपल्याकडं काय होत नाही हो" म्हणणारे समजतात तेवढी सुरक्षितही नाही.

एक आकडा सांगते. २०२२ मध्ये देशभरात खून झाले २८,५२२. त्याच वर्षी रस्ते अपघातात माणसं गेली १,६८,४९१, आणि त्यात नुसते पायी चालणारेच ३२ हजारांवर होते. म्हणजे सगळ्या देशातल्या खुनांपेक्षा जास्त माणसं रस्त्यानं चालताना गाडीखाली गेली. पण शंभर फुटी रोड ओलांडताना आपण फोनवर बोलतो आणि रिकाम्या गल्लीत कुणी अनोळखी दिसला की घाबरतो. भीती आणि धोका एकाच ठिकाणी राहतात असं नाही.

अफवांचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, मुलं पळवणारे समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी मारहाण केली. त्याआधी २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेवरून पाच जणांचा जीव गेला. तर "सावधान, आपल्या भागात टोळी आलीये" असला व्हिडिओ आला की तो कुठला, कधीचा हे कळल्याशिवाय पुढं ढकलू नका. तो बघून ज्यांची झोप उडते ते सगळे तुमचेच काका-काकू असतात.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम सगळं अफवांवर ढकलतात. नशेचं प्रकरण खरं आहे. २०२४ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचं, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात त्याचं, मोठं रॅकेट धरलं आणि त्याचे धागे थेट आपल्या शेजारच्या कुपवाडपर्यंत आले. कोपऱ्यावर बसणाऱ्या पोरांची लोकांना धास्ती वाटते ती उगाच नाही वाटत. आणि त्या पोरांच्या आयाही माझ्याकडं पाठ धरून येतात, त्यांची झोप तर कुणीच विचारत नाही.

मग चालायला जाऊ का नको? कुठं, किती वाजता?

जा. आठवड्याला १५० मिनिटं जरा जोरात चालणं, हे जगभर सांगितलं जातं ते प्रौढ माणसासाठी किमान आहे. गुडघा दुखतोय म्हणून थांबला असाल तर आपण मार्ग काढू, भीतीनं थांबला असाल तरी काढू, पण बसून राहू नका.

वेळ आधी बदला. पहाटे पाचला चालायलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही, ते आपल्याकडं उगाच पुण्य लागल्यासारखं झालंय. हिवाळ्यात साडेसहा-पावणेसातपर्यंत अंधारच असतो, रस्त्यावर माणूस नसतो, आणि गळ्यावर हात टाकणाऱ्यांना नेमकं तेच पाहिजे असतं. उजाडू द्या, दूधवाले, पेपरवाले, शाळेच्या रिक्षा सुरू होऊ द्या, मग निघा. कोवळं ऊन मिळतं ते वेगळंच. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन सोसत नसेल तर सहाला, पण दुकानं उघडी असलेल्या रस्त्यानं.

जागा अशी निवडा जिथं चालणारे आधीच आहेत. आमराईत सकाळी गर्दी असते, नेमिनाथनगरच्या ग्राउंडला असते, कृष्णेच्या घाटाकडंही लोक असतात, फक्त पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं तिकडं जाऊ नका. घराजवळ काहीच नसेल तर एकाच गजबजलेल्या रस्त्याच्या चार फेऱ्या मारा, कंटाळवाणं आहे पण चालतंय. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला म्हणजे गाड्या समोरून येतात, पाठीमागून येऊन कुणी हात घालणं अवघड जातं आणि अपघाताच्या दृष्टीनंही तेच बरं. एका कानात इअरफोन घाला नाहीतर घालूच नका. सोनं घरी ठेवा. "सौभाग्याचं आहे, काढत नाही" असं ज्या म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, काळ्या मण्यांची साधी पोत घाला एवढंच सांगते.

आणि सोबत शोधा. दोघी-तिघी असल्या की भीतीही कमी होते आणि दांडीही कमी होते, कारण खाली उभी राहून हाक मारणारी कुणीतरी असते. माझ्या पेशंटमध्ये नेमानं चालणारे जवळपास सगळे सोबतीनं चालणारे आहेत.

बाहेर नको, घरातल्या घरात चाललं तर चालेल ना?

अगदीच काही नसण्यापेक्षा चालेल. पण हॉल ते किचन अशा आठ-दहा पावलांच्या फेऱ्यांमध्ये सारखं वळावं लागतं आणि दुखणाऱ्या गुडघ्याला वळणंच जड जातं. त्यापेक्षा गच्ची बघा, कठडा नीट असेल तर. खुर्चीवरून हात न टेकता उठबस दहा-दहा वेळा, भिंतीला धरून टाचा उचलणं, जिन्याची खालची एक पायरी चढ-उतर, हे घरात उत्तम होतं. फक्त यात ऊन नाही आणि माणसं नाहीत. हे महिना-दोन महिन्यांची सोय म्हणून करा, कायमचं नको.

सासूबाई ७२ च्या आहेत. एकट्या बाहेर सोडायला भीती वाटते म्हणून आम्ही त्यांना जाऊच देत नाही. बरोबर करतोय ना?

प्रेमानं करताय, पण नाही. या वयात बसून राहिलं की मांडीचे स्नायू झपाट्यानं झडतात, तोल जातो, आणि मग त्या रस्त्यावर पडत नाहीत तर बाथरूममध्ये पडतात. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी बरीच जणं वर्षभरात जातात, आणि जे राहतात त्यातले अनेक पुन्हा आधीसारखं चालत नाहीत. चोर टाळला आणि खुबा मोडला, यात काय मिळवलं? त्यांना सोडू नका तर सोबत जा, नातवाला लावून द्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या आजींशी जोडी लावून द्या. हळदीकुंकू, भजन, गणपती मंदिर, जे असेल ते चालू राहू दे.

एक मात्र त्यांना बसवून सांगा. तोतये पोलीस. दोघं-तिघं नीटनेटके कपडे घातलेले येतात, ओळखपत्रासारखं काहीतरी झटकन दाखवतात, "आजी, पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतात, स्वतःच गाठ मारून देतात आणि घरी येऊन सोडलं तर आत खडे निघतात. सांगा की खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही, असं कुणी म्हटलं की सरळ जवळच्या दुकानात शिरायचं आणि मोठ्यानं बोलायचं. मी आजींकडून याची रंगीत तालीम करून घेते, मी पोलीस होते आणि आजींना ओरडायला लावते, हसून हसून मुरकुंडी वळते पण लक्षात राहतं.

पोरांना ग्राउंडवर पाठवत नाही, दिवस वाईट आहेत. घरात खेळतात. काय बिघडतंय?

घरात खेळतात म्हणजे मोबाइलवर खेळतात, एवढं आपण खरं बोलूया. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्तीचा वेळ पोरांना बाहेर काढलं. तीन वर्षांनी बाहेर काढलेल्या पोरांत लांबचं न दिसण्याचा नंबर ३० टक्क्यांना लागला होता, न काढलेल्यांत जवळपास ४० टक्क्यांना. आपल्याकडं तिसरी-चौथीत चष्मा लागतोय त्याचं एक कारण उन्हात न जाणं हे आहे. वजन, ठिसूळ हाडं, बसून आखडलेली पाठ हे पुढचं.

आणि वस्तीत मारामाऱ्या असतील तर नुसतं दार लावून पोरं सुटत नाहीत. अमेरिकेतल्या शहरांमध्ये दम्याच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात ज्यांच्या आसपास हिंसा जास्त त्या मुलांना दम्याचा त्रास जास्त दिवस होत होता असं दिसलं. आई-बापाची झोप उडालेली असते हेही त्यामागचं एक कारण निघालं.

माझं साधं म्हणणं आहे: कॉलनीतल्या चार घरांनी पाळी लावा, संध्याकाळी एक जण खुर्ची टाकून ग्राउंडवर बसेल. घरातल्या आबांनाही काम मिळतंय.

माणसांची नाही हो, मला कुत्र्यांची भीती वाटते. हे पण धरायचं का यात?

धरायचं म्हणजे काय, माझ्याकडं चालणं बंद होण्याच्या कारणांत कुत्री चोरांच्या वर आहेत! पळू नका, हळू चाला, नजरेला नजर देऊ नका, काठी हातात असू दे पण उगारू नका. महापालिकेकडं नसबंदीसाठी लेखी तक्रार द्या. नियमाप्रमाणं नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. चावलंच तर लगेच वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा, लस फुकट आहे. पुढचे डोस चुकवू नका. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सिरमही लागतं, ते आठवणीनं विचारा.

मी मार्केट यार्डला काम करते. संध्याकाळनंतर टॉयलेटला जायची भीती वाटते म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाही. यानं काही होतं का?

होतं. लघवीचं इन्फेक्शन सारखं सारखं होतं, मुतखडा होतो, बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं. आणि तासन् तास लघवी दाबून ठेवली की ओटीपोटाचे स्नायू बिघडतात, त्यावर मी व्यायाम देऊ शकते पण बल्ब मी नाही बसवू शकत. हे कुणी "गुन्हेगारीचा परिणाम" म्हणून मोजत नाही, पण अंधाऱ्या, कडी नसलेल्या टॉयलेटमुळं आजारी पडणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. तुम्ही पाच-सहा जणी मिळून मालकाकडं किंवा समितीकडं जा, कडी आणि लाइट एवढंच मागा. तोपर्यंत दोघी-दोघी जा, पण पाणी तोडू नका.

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी असते, रात्री दोनला सुटतो. मोबाइल एकदा हिसकावलाय. आता घरी आल्यावर पहाटेपर्यंत झोप लागत नाही.

शिफ्टमुळं झोपेची आधीच वाट लागलेली असते, त्यात हे. शक्य असेल तर दोघं-तिघं एका वेळी निघा, एका रस्त्यानं. सुपरवायझरला गेटपासून मेन रोडपर्यंत लाइटचं सांगा, एकट्यानं नको, सगळ्यांनी मिळून. घरी आल्यावर झोपायच्या आधी मोबाइलवर रील बघत बसू नका, कोमट पाण्यानं पाय धुवा, पाच-दहा मिनिटं सावकाश श्वास, सोडताना जास्त वेळ लावायचा. झोप यावी म्हणून क्वार्टर मारणारे बरेच असतात, दारूनं डोळा लागतो पण झोप तुटक होते, आणि आठ दिवसांत दोन क्वार्टर लागतात.

आमच्या शेजारी मोकळा प्लॉट आहे. बाभळी, कचरा, दारूच्या बाटल्या, संध्याकाळनंतर तिथं कोण बसतं ते कळत नाही. कॅमेरा बसवला की प्रश्न मिटेल का?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलते, कारण इथं खरंच करण्यासारखं आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक प्लॉट घेऊन एक प्रयोग झाला. काही साफ केले, माती सारखी करून गवत लावलं, चार झाडं लावली, कमरेएवढं लाकडी कुंपण घातलं आणि महिन्याला साफसफाई चालू ठेवली. बाकीचे तसेच सोडले. २०१८ मध्ये आलेल्या निकालात गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या प्लॉटच्या आसपास बंदुकीच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजूबाजूला राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर उतरलं. त्याच शहरात आधी लोकांना हार्ट रेट मोजायचं यंत्र बांधून चालायला लावलं होतं, तेव्हा सुधारलेल्या प्लॉटजवळून जाताना ठोके कमी पडत होते. म्हणजे प्लॉट साफ केला आणि परिणाम छातीत दिसला. खर्च काय, तर गवत आणि कुंपण.

लाइटचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये मोठे लाइट टॉवर उभे केले, तिथं रात्री बाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी २००८ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधले बरेच प्रयोग एकत्र करून बघितले होते, त्यात लाइट सुधारल्यावर गुन्हे सरासरी २१ टक्क्यांनी उतरले होते, आणि गंमत म्हणजे दिवसाचे गुन्हेही उतरले होते. दिवसा लाइट काय करणार? त्या अभ्यासकांचा अंदाज असा की रस्त्याकडं कुणीतरी लक्ष देतंय हे दिसलं की लोकही बाहेर येतात, गल्ली आपली वाटते. कॅमेऱ्याचा उपयोग पार्किंगमध्ये चांगला दिसलाय, गल्लीबोळात तेवढा नाही. कॅमेरा नंतर चोर शोधायला बरा, पण कॅमेऱ्याखालच्या अंधारात माझी पेशंट चालायला जात नाही, लाइटखाली जाते.

तर करायचं काय? खांबाला नंबर असेल तर तो आणि फोटो घेऊन वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नगरसेवकाला एक कॉपी. प्लॉट खासगी असेल तर महापालिका मालकाला नोटीस काढू शकते, बरेच मालक पुण्या-मुंबईला असतात, शोधून फोन करा, साफ करून घेऊ का एवढंच विचारा. बहुतेक "करा की" म्हणतात. शामरावनगरसारख्या भागात पावसाळ्यात प्लॉटमध्ये पाणीच साठतं, तिथं आधी मुरूम नाहीतर चर लागेल, गवत नंतर. आणि तिथं बसणाऱ्या पोरांशी भांडायला एकट्यानं जाऊ नका, ११२ ला फोन करा.

त्यापेक्षा घरच बदलावं का?

ज्यांना जमतं त्यांना फायदा होऊ शकतो, हे खोटं नाही. १९९४ ते १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला, चिठ्ठी निघेल त्यांना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत. बहुतेकांनी अर्ज करताना कारण काय दिलं होतं, तर गुंडांच्या टोळ्या आणि ड्रग्जपासून लांब जायचंय. दहा-पंधरा वर्षांनी बायकांचं रक्त तपासलं, वजन घेतलं, तर ज्यांना ही मदत मिळाली होती त्यांच्यात अतिलठ्ठपणा आणि डायबिटीस दोन्ही शंभरात चार-साडेचारनं कमी निघाले. आता यात सगळं श्रेय गुन्हे कमी असण्याला देता येत नाही, वस्ती बदलली की दुकानं, शाळा, शेजारी सगळंच बदलतं.

आपल्याकडं मात्र लोक गावभाग, खणभाग सोडून लांब नवीन प्लॉटिंगमध्ये बंगला बांधतात आणि तिथं संध्याकाळी सातला रस्त्यावर कुत्रं सोडून कुणी नसतं. जुन्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्या होत्या, त्यांची नजर सुटायची नाही. नवीन घर घ्यायचं असेल तर फरशी-रंग बघायच्या आधी रात्री नऊला त्या रस्त्यानं एकदा चालून बघा.

घर बंद राहील म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललंय. हसू नका.

हसत नाही, हे फार जण करतात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, तरी वरच्या मजल्यावर बसून राहिलेली माणसं होती, मागं घर कोण बघणार म्हणून. बीपी-शुगरच्या गोळ्या संपल्या तरी हलली नाहीत. तुमच्या ऑपरेशनचं सोपं आहे. दागिने लॉकरला, नातेवाईक रात्री झोपायला, पेपर-दूध बंद करा म्हणजे दारात ढीग दिसणार नाही, आणि स्टेटसला हॉस्पिटलचे फोटो टाकू नका. घसा फोडून सांगते, फोटो टाकू नका.

चेन ओढली तर काय करायचं? धरून ठेवायची का?

सोडा. बाइकच्या जोरानं माणूस फरफटतो, मान चिरते, हातावर पडल्यानं मनगट मोडतं. मनगटाचे असले फ्रॅक्चर मी सुधारलेत, दोन-अडीच महिने जातात आणि नंतरही पोळी लाटताना दुखतं. पडल्यावर लगेच उठू नका, मान वळतेय का, हात-पाय हलतात का बघा. डोक्याला मार असेल, उलटी झाली, गुंगी आली किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तडक सिव्हिल. तिथं एमएलसी करायला सांगा, म्हणजे जखमेची पोलिसांसाठी नोंद होते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत, त्यात हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

दीड महिना झाला. अजून बाइकचा आवाज आला की छातीत धडधडतं, तोच सीन डोळ्यापुढं येतो, बाहेर पडवत नाही.

आधी फॅमिली डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइड करून घ्या, धडधडीला दुसरं कारण नाही ना ते कळेल. ते नॉर्मल असेल तर ही अपघातानंतर, मारहाणीनंतर होणारी ओळखीची अवस्था आहे, महिन्याच्या वर टिकली तर उपचार घ्यायचे असतात आणि उपचारांनी बरं वाटतं. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मिरजेत मानसोपचाराची सोय आहे, पण "कृपामयीला नेलं" असं लोक म्हणतील म्हणून कुणी जात नाही, त्यांना म्हणू दे, त्यांना रात्री झोप लागते.

आणि बाहेर पडणं टप्प्यानं. पहिले दोन-तीन दिवस गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत कुणासोबत, मग तोच रस्ता दिवसाउजेडी. धडधडलं तर परत फिरू नका, तिथंच दोन मिनिटं थांबा, उतरतं.

भीती बाहेरच्यांची नाही, घरातल्याच माणसाची आहे.

मग वरचं सगळं तुमच्यासाठी कमी पडेल. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, किंवा १०९१. माझ्याकडं येणाऱ्या काही "पडले" मध्ये पडणं नसतं हे मला निळ्या डागांच्या जागेवरून कळतं, आणि मी सगळ्यांसमोर विचारत नाही. एकट्या या.

फोनमध्ये कुठले नंबर असावेत?

११२ सगळ्यासाठी, १०८ अ‍ॅम्ब्युलन्स, १४५६७ ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. म्हाताऱ्या माणसांसाठी हे मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागं कव्हरमध्ये घाला, त्यांना कॉन्टॅक्ट लिस्ट उघडत बसायला लावू नका.